दवाखान्यातला ड्रॅगन

मी एकदा एका माणसाचा ड्रॅगन वाया घालवला. माझा स्वतःचा असता तर ही गोष्ट मी कुणाला कळूही दिली नसती. पण तो दुसऱ्याचा होता, त्या माणसाने अंड्यापासून वाढवलेला होता, आणि मी त्याला ऐन लढाईत बुरुजात बसवून ठेवलं. का, तर याहून मोठा प्रसंग आला तर हाताशी असावा म्हणून. मोठा प्रसंग तोच होता. राजधानी पडली, आणि तो धडधाकट, पोटभर जेवलेला, आयुष्यात एकदाही आग न ओकलेला ड्रॅगन शत्रूच्या मालकीचा झाला. त्याच्या गळ्यातला निळा पट्टा गेला, काळा आला. त्या निर्लज्जाने मान वळवून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या खेळातलं आहे, हे आधीच सांगून टाकते. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आम्ही त्याला नुसतं ‘राज्य’ म्हणायचो. आपली गावं, आपलं धान्य, आपले तिरंदाज, समोर काळा राजा नावाचा एक नालायक माणूस आणि त्याचे राक्षस. आपण एक चाल करायची, मग त्याने एक. अशा शेकडो चाली. पत्त्यांसारखं तासाभरात उठता येत नाही, एकेक राज्य महिनोन् महिने चालतं.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे त्रेसष्ट वर्षांची. पोस्टातून निवृत्त झालेली. यजमान आधीच गेलेले, मुलगी खराडीला संसारात आणि सॉफ्टवेअरमध्ये बुडालेली. ती तेव्हाची मी आज समोरून आली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. तिच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर, आणि चादरीवर बसणाऱ्याकडे तिची नजर. काचेच्या कपाटात सोनेरी कडांचे सहा कप होते, लग्नात मावशीने दिलेले. पाहुणे आले की ती त्यांना वरपासून खालपर्यंत बघायची आणि ठरवायची, की एवढे काही मोठे नाहीत, स्टीलच्या पेल्यात भागेल. पस्तीसेक वर्षांत त्या कपांच्या तोलाचा पाहुणा आमच्या घरी आलाच नाही. आज त्यातले तीन उरलेत, आणि त्यातल्या एकाला कान नाही.

ड्रॅगन ज्यांचा होता ते डॉक्टर. दातांचे. नाव सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि सदाशिव पेठेतल्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्यांचं काम अजून शाबूत आहे. घराणं मुसलमान, आजोबांचं रविवार पेठेत अत्तराचं दुकान होतं. मराठी असं बोलायचे, की माझ्याच जिभेला लाज वाटावी. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर धाकटी बहीण राहायची, तिला सगळे आपा म्हणत. खाली दवाखाना.

त्या दवाखान्यात मी गेले ते दाढ घेऊन. आठवडाभर लवंग दाबून काढला होता, कारण डॉक्टरकडे जाण्याइतकं अजून दुखत नव्हतं. मग गाल पुरीसारखा टम्म फुगला. बाहेर पाटी, दार उघडं, आत बाकं, बाकांवर कोणी नाही.

“बसा. बोलावतो,” आतून आवाज आला.

बसले. समोर टिपॉयवर जुनी मासिकं. मी ठणकत्या गालाने एक अख्खी पाककृती वाचली. आत गेलेला पेशंट एकही नाही, बाहेर मी एकटी, आणि बऱ्याच वेळाने आतून हाक आली, “पुढचा पेशंट.”

आत बघते तर डॉक्टर पांढरा कोट घालून स्वतःच पेशंटच्या खुर्चीत रेललेले. डोक्यावर तो मोठा दिवा लावलेला आणि समोरच्या भिंतीवर टीव्हीएवढ्या पडद्यावर एक किल्ला जळत होता.

“माझी दाढ,” मी म्हणाले.

“दिसतंय. उजवीकडची खालची, मागून दुसरी. मी दात बघणं बंद केलंय.”

“मग बाहेर पाटी कशाला?”

“काढायची राहिली.”

“मग मला बसवून का ठेवलंत?”

“लढाई चालू होती.”

माझा संताप असा झाला, की दाढ क्षणभर दुखायची थांबली. ते शांतपणे म्हणाले, “कोपऱ्यावर माझी विद्यार्थिनी बसते. हात चांगला आहे. मी पाठवलं म्हणून सांगा.” मी वळले. “आणि जाता जाता एक करा. तो माउस धरा. किल्ल्याचा दरवाजा दिसतोय? त्याच्यावर नेऊन दाबा.”

“तुम्हाला हात नाहीत का?”

“आहेत. दाबा.”

मी दाबलं. दरवाजा बंद झाला. बाहेर शिंगंवाल्यांचा घोळका येऊन धडका द्यायला लागला. “बरं झालं,” डॉक्टर म्हणाले. “वाचलं. या.” धन्यवाद नाही, पाणी नाही, बसा नाही. मी तडक निघायला हवं होतं. पण दारात पोचल्यावर माझ्याच तोंडून निघालं, “आता ते बाहेरचे काय करतील?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “उद्या अकराला या, म्हणजे कळेल.”

दाढेचं काम त्या विद्यार्थिनीने तीन-चार खेपांत संपवलं. मी मात्र त्यानंतर जवळजवळ वर्षभर दाढेसाठी जात होते. घराबाहेर पडताना शेजारीण विचारायची, “कुठे?” आणि मी गालाला हात लावायचे. आमच्या इमारतीत माझ्या दातांविषयी इतकी हळहळ पसरली, की हळदीकुंकवाला मला चिक्कीऐवजी केळं मिळायला लागलं. मी ते मुकाट्याने खायचे. राज्य चालवायचं तर एवढं सोसावं लागतं.

शेवटी मुलगी खराडीहून स्कूटर दामटत आली. कुठला डॉक्टर एक रूट कॅनल वर्षभर करतो, त्याला जाब विचारायला. ती आत शिरली तेव्हा मी पेशंटच्या खुर्चीत होते आणि एका चेटकिणीला मोठ्याने शिव्या देत होते.

“आई, हे काय? गेम?”

“राज्य,” मी म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे ही मुलं म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात. “छान आहे. मेंदूला व्यायाम.”

ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही. मेंदूला व्यायाम म्हणे. मी काय शब्दकोडं सोडवत होते? मी उत्तरेकडच्या राक्षसांची रसद तोडून त्यांना उपाशी मारत होते.

डॉक्टर शिकवायचे ते दवाखान्याच्या वेळेत. अकरा ते एक, पाच ते आठ. रोज मला बाहेर बसवायचे, रोज “पुढचा पेशंट” म्हणून बोलवायचे. मागचा पेशंट कुणी कधी पाहिला नाही. एक वाजला की डोक्यावरचा दिवा बंद. माझं सैन्य निम्मं नदीत, निम्मं काठावर असलं तरी, “वेळ संपली.”

“अहो, ते बुडतील.”

“बुडणार नाहीत. तुम्ही चाल केल्याशिवाय तिथे पाणीही हलत नाही. जेवायला जा.”

शिकवण्याची भाषा सगळी दातांची. नकाशा पूर्ण उघडायचा असला की, “आ करा.” मी कुठलं गाव गमावलं की पहिला प्रश्न, “दुखतंय कुठे?” आणि मी रडगाणं लावलं, की काळ्या राजाने फसवलं, पाऊस लागला, तिरंदाजांनी नेम चुकवला, तर ते हात वर करून थांबवायचे. “ते तुम्हाला काय वाटतंय ते झालं. दुखतंय कुठे, ते बोट ठेवून दाखवा.” मग मी नकाशावर मागे मागे जायचे. बोट जिथे थांबायचं ती जागा लढाईच्या किती तरी आधीची असायची. एखादा रस्ता करायचा मी टाळलेला, एखाद्या खिंडीत माणूस ठेवायचा कंटाळा केलेला. “कीड तिथे लागली,” ते म्हणायचे. “ठणका आज लागला.”

आणि हरलं की, “चूळ भरा.” मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. नाही. खरोखर उठायचं, खुर्चीशेजारच्या त्या छोट्या बेसिनपाशी जायचं, पेला भरायचा आणि खळखळून चूळ भरायची. हरल्याची चव तोंडात ठेवून पुढचा डाव मांडायचा नाही, असा त्यांचा नियम. पहिल्या महिन्यात मी इतक्या चुळा भरल्या, की दात खरंच सुधारले असणार.

कौतुक नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. माझं सैन्य त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, “हे कुणाचं वऱ्हाड?” माझी धान्याची कोठारं पाहून म्हणाले, “उंदरांची चांगली सोय केलीत.” मी सांगितलं, की अडीअडचणीला असावं. “अडचण पुढच्या गल्लीत आलीय,” ते म्हणाले, “आणि तुमचे शिपाई काठ्या घेऊन उभे आहेत. धान्य विका, तलवारी घ्या.” मला ते पटेना. भरलेलं कोठार बघून जे बरं वाटतं, ते तलवारी बघून वाटत नाही. मी निम्मंच विकलं. मग चूळ भरली.

एकदा मात्र त्यांनी फार वाईट केलं. मी तेव्हा खेळाच्या सोप्या पायरीवर खेळत होते आणि माझं राज्य मला फार सुरेख वाटत होतं. सकाळी गेले तर म्हणाले, “आज या खुर्चीत नाही. इकडे, माझ्या स्टुलावर बसा.” पेशंटची खुर्ची आणि डॉक्टरांचं स्टूल यांत हातभर अंतर, पण मी स्टुलावर कधी बसले नव्हते. त्यांनी काहीतरी खटपट करून माझंच राज्य पडद्यावर आणलं आणि मला काळा राजा केलं. “घ्या. जिंका.”

मी बघायला लागले. सीमेवर शिपाई रांगोळीच्या ठिपक्यांसारखे समान अंतरावर उभे. दिसायला फार छान, आणि कुठेही मारलं तरी तिथे एकच. तीन गावांवर पहाराच नाही, कारण ती गावं लहान. कोठारं ओसंडून वाहतायत. आणि सगळ्यांत चांगले तिरंदाज राजवाड्याच्या आतल्या चौकात, जिथून त्यांना फक्त राजवाड्याच्या भिंती दिसत होत्या. दिवा बंद व्हायच्या आत मी ते राज्य घेतलं. घेता घेता माझं डोकं असं तापलं, की मी माउस आपटला.

“कोण राणी आहे ही?”

“ओळखीची वाटते?”

“हिला राज्य दिलं कुणी?”

“पोस्टातून निवृत्त झाली म्हणून इकडे आली,” डॉक्टर म्हणाले. “चूळ भरा.”

त्या दिवसानंतर मी सुधारले. रोज चाल करण्याआधी मनातल्या मनात स्टुलावर जाऊन बसायचे आणि स्वतःच्या राज्याकडे वाईट नजरेने बघायचे. लहान गाव सोडून द्यायला शिकले. पुढे हेर पाठवायला शिकले. आणि एक गोष्ट तर माझी मीच शोधली. पूल म्हणजे पोस्टाची खिडकी. दोन पूल असले तर एक मुद्दाम बंद करायचा, की दुसऱ्यावर झुंबड उडते. शिंगंवाले आणि शेपटीवाले ही काळ्या राजाची दोन सैन्यं, त्यांचं आपसांत जमत नाही. एका रांगेत आली की भांडायला लागतात. मी पलीकडे तिरंदाज घेऊन नुसती बसून राहिले. पोस्टात जेवणाच्या सुट्टीत मी हेच केलेलं होतं, तिरंदाजांशिवाय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर थोडं कमी बसवलं.

आता चहाचं. मी वर्षभर त्या माणसाकडे गेले, एकदाही त्याने मला चहा विचारला नाही. रमजानात समजू शकत होते, उरलेल्या अकरा महिन्यांचं काय? बरं, चहा नव्हता असंही नाही. वरून आपाने पाठवलेला वाफाळता पेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. एकदा मी हाकेची वाट न बघता आत गेले, तर डॉक्टर खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून, स्टीलच्या पेल्यातून चहा पीत उभे. चाहूल लागली तसा पेला त्यांनी ओट्यावर ठेवून दिला, अर्धा. मला द्यायला लागू नये म्हणून पाठ करून चहा पिणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. घरी जाऊन मी भांडी घासताना त्या पाठीला जे जे बोलले, ते इथे लिहिता येणार नाही.

याचा उलगडा झाला तो दलदलीच्या दिवशी. डॉक्टरांचं स्वतःचं एक राज्य होतं, त्यात मला हात लावायची परवानगी नव्हती. मी फक्त बाजूला बसून बघायचं. ती होती शेवटची पायरी. तिथे केलेली चाल परत घेता येत नाही, हरलं तर ते राज्य पुसलं जातं, पहिल्यापासून. दवाखाना बंद केल्यापासून ते त्या पायरीवर धडपडत होते. ती एकदाही चढले नव्हते. या खेपेला प्रथमच त्यांच्याकडे ड्रॅगनचं अंडं आलं होतं, ते उबवून त्यांनी पिल्लू वाढवलं होतं. “एकदा ही चढलो, की मग झालं,” ते म्हणाले होते. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे फार निघालं.

त्या दिवशी त्यांनी सेनापतीला टेकडीवर पाठवायला माउस हलवला, आणि पडद्यावरचा माउसचा बाण टेकडीवरून घसरून दलदलीत गेला आणि तिथेच दाबला गेला. सगळ्यांत चांगला सेनापती, घोड्यासकट, चिखलात. परत घेता येत नाही. मी हसले. मला वाटलं, डॉक्टर चुकले. एवढे दिवस मला बोलतात, आज बरे सापडले. मी म्हणाले, “दुखतंय कुठे, बोट ठेवून दाखवा.”

त्यांनी बोट पडद्याकडे नेलं नाही. उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. वाऱ्यावर पान हलावं तसा नाही. यंत्र लागल्यासारखा, एका ठेक्यात. मग त्यांनी तो कोटाच्या खिशात ठेवला आणि दिवा बंद केला. एक वाजायला अवकाश होता.

जिन्यात आपा भेटली. मी विचारलं, ती म्हणाली, “दवाखाना का बंद केला वाटतं तुम्हाला? दुसऱ्याच्या तोंडात असला हात कसा घालणार? चहासुद्धा माणसांत घेत नाही तो. कप धरला की बशीत असा वाजतो, की खोलीतले सगळे गप्प होतात. ते गप्प होणं त्याला सहन होत नाही.”

मी घरी गेले ते रागानेच. पहिल्या दिवशीचं “दाबा” आठवलं. तुम्हाला हात नाहीत का, असं विचारणारी मीच होते. पण खरं सांगते, राग माझा स्वतःवर कमी आणि त्यांच्यावर जास्त होता. सांगायला काय झालं होतं? वर्षभर मला त्यांना कंजूष म्हणून शिव्या घालायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी “पुढचा पेशंट” झालं, मी आत गेले, तर ते स्टुलावर बसले होते आणि पेशंटची खुर्ची रिकामी. पडद्यावर शेवटची पायरी. त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. विनंती नाही, स्पष्टीकरण नाही. म्हणाले, “वायव्येकडून सुरुवात करा.”

त्यानंतर मी त्यांचा हात झाले. ते म्हणायचे दक्षिणेला, मी दक्षिणेला दाबायचे. सुरुवातीला. मग मी म्हणायला लागले, “दक्षिणेला कशाला? पूल बंद करा ना.” मग भांडणं. आपा वरून जिन्यात येऊन विचारायची, काय पडलं. सेनापती गेलेला असूनही आम्ही तो उन्हाळा काढला, अर्धी उत्तर घेतली, ड्रॅगन वयात आला. इतक्या वर पूर्वी ते कधी पोचले नव्हते. त्यांना ते कळत होतं आणि मला त्यांच्या खिशातला हात बघून कळत होतं. तो खिशातही थांबत नसे.

त्या जागेत आता अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं ओळीने खोक्यांत बसतात आणि श्वाससुद्धा हळू घेतात. डॉक्टर गेल्यावर वर्षाच्या आत आपा भाच्याकडे राहायला गेली आणि जागा दिली गेली. ती खुर्ची भंगारवाल्याने नेली, माझ्या डोळ्यांदेखत, हातगाडीवर उलटी घालून. मी त्याला म्हणाले, “अरे, सरळ तरी ठेव.” तो म्हणाला, “काकू, लोखंडच आहे.” मी त्याच्याशी जे भांडले त्याला काही अर्थ नव्हता, पण मी भांडले. त्या खुर्चीत बसून मी एका साम्राज्याच्या नाड्या आवळल्या होत्या.

तर तो ड्रॅगनचा दिवस. काळा राजा स्वतः आला होता. अख्खं सैन्य घेऊन, राजधानीच्या उत्तरेकडच्या मोठ्या पुलावर. शिंगंवाले, शेपटीवाले, मागे स्वतः तो, सगळे एका पुलावर. असं खेळात फार क्वचित होतं. ड्रॅगन बुरुजात तयार. त्याची एकच अडचण होती. एकदा आग ओकला, की तो पुढच्या कित्येक चाली झोपून राहतो.

“आता,” डॉक्टर म्हणाले. “काढा त्याला.”

मी माउस बुरुजावर नेला. आणि थांबले.

“काढा.”

“एक चाल थांबू या,” मी म्हणाले. “अजून मागून येतायत. आत्ताच ओकला तर मग झोपेल. उद्या याहून मोठं काही आलं तर?”

“याहून मोठं काही नाही. तो सगळाच्या सगळा पुलावर आहे. काढा म्हणतो ना.”

मी मान हलवली. हो म्हणाले. आणि माझ्या बोटाने दुसरंच दाबलं. ‘थांबा’. एक चाल. माझा हात थरथरत नव्हता, अगदी स्थिर होता. कपाटाचं दार लोटून घ्यावं, तसं मी ते दाबलं.

एका चालीत ते पूल ओलांडून आले. चेटकिणींनी बुरुजाला बाहेरून कुलूप घातलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. निळा पट्टा, काळा पट्टा. मग पडदा एकदा पांढरा झाला आणि खेळाचं पहिलं पान आलं, जणू तिथे कधी कोणी काही बांधलंच नव्हतं.

डॉक्टरांनी दुखतंय कुठे, विचारलं नाही. चूळ भरा, म्हणाले नाहीत. ते मात्र मला झेपेना.

“बोला की,” मी म्हणाले. “वऱ्हाड म्हणा. बावळट म्हणा.”

ते पडद्यावरच्या पहिल्या पानाकडेच बघत होते.

“आणि मी म्हणते, यात सगळी चूक माझीच का? मला खेळ शिकवतो म्हणालात. शिकवलं कशाला, तर तुम्हाला एक हात हवा होता. पहिल्या दिवसापासून. वापरलंत मला.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “वापरलं.”

“लाज नाही वाटत?”

“वाटायची, सुरुवातीला. तुम्ही ऐकेनाशा झालात तेव्हापासून नाही.” त्यांनी हात खिशातून काढून मांडीवर ठेवला, आणि तो हलायला लागला तो हलू दिला. “तसा हा माझा हातही ऐकत नाही. सवय आहे मला.”

मला हसू येणार होतं, म्हणून मी जास्तच चिडले. पिशवी उचलली. “मी उद्यापासून यायची नाही. दुसरी कुणी बघा.”

“का नाही सोडलात त्याला?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला खरंच काही विचारलं होतं, उत्तर माहीत नसल्यासारखं.

“वाटलं, पुढे लागेल,” मी म्हणाले.

“घरी अजून काय काय आहे, पुढे लागेल म्हणून?”

हा प्रश्न कुणी सभ्य माणूस विचारत नाही. पण मी इतकी वैतागलेली होते, की सांगत सुटले. घडी न मोडलेल्या चादरी. एक पैठणी, जी मी नेसले तर विटेल म्हणून नेसले नाही आणि आता ती घडीवरच विरतेय. मुलीचं लग्न झालं तेव्हा आणलेला डिनर सेट, खोक्यासकट. आणि ते कप.

“कसले कप?”

“सोनेरी कडांचे. सहा. लग्नातले.”

“कोणासाठी ठेवलेत?”

“तुमच्यासाठी नक्की नाही,” मी म्हणाले आणि दाराकडे निघाले.

बाहेरच्या खोलीत, त्या रिकाम्या बाकांपर्यंत पोचले असेन. मागून डॉक्टरांचा आवाज आला, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा:

“उद्या अकराला येताना त्यातले दोन घेऊन या, आपा चहा पाठवेल. बशा नकोत, वाजतात.”